घोटा मुरगळला की मोडला?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व, समाजाची प्रगती अशा एखाद्या विषयावर मी बोलावे, अशी आपल्यापैकी काहींची अपेक्षा असेल. त्या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी या व्यासपीठावर आहेत. मी अस्थिरोगाचा डॉक्टर आहे. म्हणून माझ्या धंद्यातलाच एक विषय मी निवडला आहे. वरवर तो अगदी क्षुल्लक वाटेल. विषय आहे पायाच्या घोट्याचा, आणि घोट्याबाहेरच्या एका बारीक हाडाचा.

ज्याचा घोटा आयुष्यात एकदाही मुरगळला नाही, असा माणूस या सभागृहात क्वचितच सापडेल. मुले क्रिकेट-कबड्डी खेळताना पाय मुरगळून घेतात, मुली जिन्यावरून उतरताना पायरी चुकतात, मोठी माणसे पावसाळ्यात शेवाळावरून घसरतात. शंभरातल्या बहुतेक वेळी ती नुसती लचक असते. बर्फ, पट्टी आणि थोडी विश्रांती एवढ्यावर ती बरी होते. परंतु थोड्या वेळा ती लचक नसते. हाड मोडलेले असते, सांध्याला घट्ट धरणारे बंध तुटलेले असतात आणि वरून मात्र फक्त सूज दिसते. अशा दुखापती विरळ आहेत; म्हणूनच त्या नजरेतून निसटतात. निसटल्या की त्यांची किंमत चाळीस वर्षे चालणाऱ्या पायाला मोजावी लागते. त्यांची ओळख करून देणे एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम घोट्याची रचना पाहू. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे आहेत. पुढचे, हाताला लागते ते जाड हाड म्हणजे नडगीचे हाड, टिबिया. त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेले लांब, बारीक हाड म्हणजे फिब्युला. लॅटिन भाषेत फिब्युला म्हणजे वस्त्र अडकविण्याची पिन. आपल्यातले जे विद्यार्थी अरबी शिकतात त्यांना सांगतो की, अरबी वैद्यकात या हाडाला ‘शज़िय्या’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ चिरफळी किंवा चिपाड असा आहे. दोन्ही नावे या हाडाच्या बारीकपणावरूनच पडली.

या दोन हाडांची खालची टोके मिळून एक खाच तयार होते. सुतार चौकटीच्या लाकडाला खाच पाडतो आणि तिच्यात दुसरे लाकूड घट्ट बसवितो, तसे या खाचेत पावलाचे टॅलस नावाचे हाड बसते. आतल्या बाजूला टिबियाचा उंचवटा, बाहेरच्या बाजूला फिब्युलाचा उंचवटा. घोट्याच्या दोन्ही अंगांना आपल्या हाताला जी टोके लागतात ती हीच. खाच नीट राहावी म्हणून टिबिया आणि फिब्युला यांना खाली मजबूत बंधांनी एकत्र बांधलेले आहे. या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात. त्याच्या वर, दोन हाडांच्या मधल्या जागेत, गुडघ्यापर्यंत एक चिवट पडदा ताणलेला असतो. आतल्या अंगाला टिबिया आणि पावलाची हाडे यांना धरणारा डेल्टॉइड नावाचा जाड बंध आहे.

शरीराचा भार मुख्यतः टिबिया उचलते. फिब्युलाच्या वाट्याला फार थोडा येतो. तोंडाच्या कर्करोगात जबड्याचे हाड काढावे लागले, तर याच फिब्युलाचा मधला तुकडा काढून शल्यविशारद नवा जबडा घडवितात आणि तो रोगी पुढे चालतोही. मात्र तो तुकडा काढताना घोट्याकडचे सहा ते आठ सेंटीमीटर हाड जागेवर ठेवावे लागते. म्हणजे भार उचलण्यासाठी या हाडाची गरज कमी, पण घोट्याची भिंत म्हणून त्याची गरज मोठी.

ही भिंत किती अचूक जागी असावी लागते? 1976 साली रॅम्से आणि हॅमिल्टन या दोन संशोधकांनी याचे मोजमाप केले. टॅलस बाहेरच्या बाजूस केवळ एक मिलिमीटर सरकला, तर टिबिया आणि टॅलस यांचा एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग 42 टक्क्यांनी कमी होतो, असे त्यांना आढळले. एक मिलिमीटर म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढे अंतर. तोच भार कमी जागेवर पडू लागला की कूर्चा झिजते, सांधा आखडतो आणि ऐन पस्तिशी-चाळिशीत माणूस लंगडू लागतो. गुडघ्याची झीज बहुधा वयामुळे होते. घोट्याची झीज मात्र बहुतांशी जुन्या दुखापतीमुळे होते. म्हणजे तिच्यापैकी बरीचशी टाळता येण्यासारखी असते.

आता थोडा इतिहास. इंग्लंडचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट 1756 साली लंडनच्या ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. कोणालाही त्यांनी आपल्याला उचलू दिले नाही. मजुरांकरवी एक दरवाजा विकत आणविला, त्याला दांडे ठोकविले आणि त्यावर आडवे होऊन घरी गेले. पाय कापण्याची तयारी झाली होती. तेवढ्यात त्यांचे जुने गुरू आले आणि पाय वाचविता येईल असे त्यांनी सांगितले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. मोडलेला पाय हलविण्यापूर्वी त्याला आधार द्यावा, हा धडा आजही तितकाच खरा आहे. पुढे पॉट यांनी घोट्याजवळच्या फिब्युलाच्या मोडीचे वर्णन लिहिले आणि त्यांचे नाव त्या दुखापतीला चिकटले.

नंतर फ्रान्समध्ये ड्युपुईट्रेन आणि त्यांचे शिष्य मेझोनव्ह यांनी हा विषय पुढे नेला. मेझोनव्ह यांनी 1840 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनी 1895 साली लावला, म्हणजे मेझोनव्ह यांच्यापाशी फोटो काढण्याचे साधनच नव्हते. त्यांनी मृतदेहांच्या पायांवर प्रयोग केले. पाऊल बाहेरच्या दिशेने पिळले असता कोणता बंध आधी तुटतो, हाड कुठे मोडते, हे त्यांनी शोधून काढले. त्यांना असे दिसले की, पिळ घोट्याला बसतो, पण फिब्युला कधी कधी पार वर, गुडघ्याखाली मोडते. आजही त्या दुखापतीला मेझोनव्ह फ्रॅक्चर म्हणतात. आज सांगावयाच्या दुखापतींपैकी ही पहिली.

समजा, एक मुलगा फुटबॉल खेळत आहे. बुटाचा तळ गवतात रुतला आणि अंग मात्र गर्रकन वळले. पाऊल जागच्या जागी, शरीर फिरले. जोर प्रथम आतल्या अंगाला लागतो. डेल्टॉइड बंध फाटतो किंवा आतला उंचवटा तुटतो. मग टिबिया-फिब्युलाचा खालचा जोड सुटतो. तोच जोर मधला पडदा चिरीत वर चढतो आणि फिब्युलाच्या वरच्या भागातून, तिला तिरकस पिळून मोडीत, बाहेर पडतो. मुलगा मात्र एवढेच सांगतो, “घोटा दुखतो.” वरची मोड त्याला फारशी जाणवत नाही. घोट्याचा फोटो काढला, तर त्यात हाड मोडलेले दिसेलच असे नाही, कारण मोड फोटोच्या चौकटीबाहेर आहे. “हाड ठीक आहे, लचक आहे,” असे समजून पट्टी बांधून मुलाला घरी आणले जाते. खाच मात्र उघडीच राहते.

हे निदान कसे करावयाचे? पहिले साधन म्हणजे हात. घोटा दुखत असेल, तर फिब्युलावर खालून वर, थेट गुडघ्याच्या बाहेरच्या गाठीपर्यंत बोटांनी दाबून पाहिले पाहिजे. वर कुठे दुखले, तर संशय घ्यावा. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडे एकमेकांवर दाबली असता खाली घोट्यात कळ येते का, गुडघा वाकवून पाऊल हळूच बाहेर वळविले असता घोट्याच्या पुढे-वर दुखते का, हेही पाहतात. दुसरे साधन फोटो. घोट्याचे समोरून, बाजूने आणि पाय थोडा आत वळवून असे तीन फोटो हवेत आणि संशय असल्यास गुडघ्यापासून घोट्यापर्यंत संपूर्ण पायाचे फोटो हवेत. खाचेच्या आतल्या बाजूची फट साधारण चार मिलिमीटरपेक्षा जास्त, किंवा सांध्याच्या एक सेंटीमीटर वर दोन हाडांमधली फट सहा मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली, तर जोड सुटला असावा. शंका राहिली, तर पायावर भार देऊन उभे असताना फोटो काढतात, दोन्ही घोट्यांचे सी. टी. स्कॅन करून दुखऱ्या बाजूची चांगल्या बाजूशी तुलना करतात, बंध पाहण्यासाठी एम. आर. आय. करतात.

आणखी एक तपासणी विसरू नये. फिब्युलाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. तो दुखावला तर पाऊल आणि अंगठा वर उचलता येत नाही व पावलाची वरची बाजू बधिर होते. हे शस्त्रक्रियेच्या आधीच तपासून लिहून ठेवावे लागते.

आता उपचार. पालक विचारतात, “डॉक्टरसाहेब, मोड वर आहे, मग शस्त्रक्रिया खाली का?” प्रश्न रास्त आहे. वरची मोड बहुधा आपोआप जुळून येते, आणि तिथे चाकू लावला तर त्या मज्जातंतूला धोका. खरा बिघाड खाली आहे. म्हणून शल्यविशारद फिब्युलाची लांबी आणि तिचा पीळ पूर्ववत करून तिला टिबियाच्या खोबणीत अचूक बसवितात. मग सांध्याच्या साधारण दोन ते तीन सेंटीमीटर वर, मागून पुढे किंचित तिरकस असे एक किंवा दोन स्क्रू घालून दोन्ही हाडे धरून ठेवतात. अलीकडे स्क्रूऐवजी दोन लहान धातूच्या बटणांमध्ये ताणलेला मजबूत धागाही वापरतात. काही अभ्यासांत त्याचे निकाल स्क्रूइतके किंवा थोडे अधिक चांगले आढळले आहेत. कोणते साधन वापरले यापेक्षा हाड नेमके जागेवर बसले की नाही, याला अधिक महत्त्व आहे.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार द्यावयाचा नसतो. मग कुबड्यांच्या मदतीने थोडा थोडा, पुढे व्यायाम. पूर्वी स्क्रू काढल्याशिवाय रोग्याला मोकळे करीत नसत. आता त्रास नसेल तर तो राहू दिला तरी चालतो, असे दिसून आले आहे. कधी आत तुटला तरी बहुधा काही बिघडत नाही. काढावयाचाच झाला, तर बंध भरून आल्यावर, म्हणजे तीन-चार महिन्यांनंतर.

दुसरी दुखापत याहूनही विरळ आहे. अमेरिकेचे डॉक्टर डेव्हिड बॉसवर्थ यांनी 1947 साली तिचे वर्णन केले. हिच्यात मोडलेल्या फिब्युलाचा तुकडा टिबियाच्या मागे जाऊन तिथल्या हाडाच्या कडेला अडकून बसतो. दाराच्या मागे कडी अडकावी तसे. पाऊल बाहेर वळलेले दिसते आणि कितीही ओढले तरी सरळ होत नाही. इथेच अनर्थ घडतो. साधा सांधा निखळला असेल तर तो ओढून बसतो. हा बसत नाही. मग घरचे, शेजारचे, हाडवैद्य, कधी दवाखान्यातलेही, आणखी जोराने ओढतात. प्रत्येक ओढीसरशी कूर्चा खरवडते आणि सूज वाढते. एकदा हलक्या हाताने, भूल देऊन प्रयत्न करून बसले नाही, तर वाट न पाहता शस्त्रक्रिया करून फिब्युला मागून सोडवून जागेवर आणणे, मोड प्लेट आणि स्क्रूने पक्की करणे आणि जोड बांधणे हाच मार्ग आहे.

अशा दुखापतीत, किंबहुना पायाच्या कोणत्याही मोठ्या मोडीत, एका धोक्याची खूण प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. पोटरी दगडासारखी घट्ट झाली, औषधाने न थांबणारी कळ वाढतच गेली, पायाची बोटे नुसती हलविली तरी रोगी ओरडू लागला, तर पायातील स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला असण्याचा संभव असतो. घट्ट प्लास्टरखालीही हे होते. अशा वेळी “प्लास्टर नवे आहे, दुखणारच,” असे म्हणून सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालयात जावे. काही तासांच्या आत प्लास्टर मोकळे करून, जरूर तर कप्पा उघडून दाब काढला नाही, तर स्नायू कायमचे मरतात.

तिसरी दुखापत खास आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहे. बारा ते पंधरा वर्षांच्या सुमारास घोट्याजवळची वाढीची पट्टी बंद होऊ लागते. ती एकदम बंद होत नाही. प्रथम मधला भाग, मग आतला आणि सर्वांत शेवटी बाहेरचा भाग जुळतो. या सर्व क्रियेस अदमासे दीड वर्ष लागते. मुलींमध्ये ती मुलांपेक्षा लवकर घडते. या मधल्या काळात पाऊल बाहेर पिळले, तर बंध तुटत नाही. बंध ज्या हाडाला धरून असतो तो पुढचा-बाहेरचा तुकडाच उखडून येतो. फ्रेंच शल्यविशारद टिलो यांच्या नावाने ही मोड ओळखली जाते. साध्या फोटोत ती वाढीच्या पट्टीसारखी वाटून नजरेतून सुटू शकते. तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा अधिक सरकला असेल, तर सी. टी. स्कॅनवर मोजून, तो जागेवर आणून एका स्क्रूने बसवितात. न सरकलेली मोड प्लास्टरनेही जुळते. “मूल आहे, हाड आपोआप भरून येईल,” हे वाक्य हातापायाच्या मधल्या हाडांबाबत पुष्कळदा खरे असते. सांध्याच्या पृष्ठभागाबाबत ते खरे नाही. तिथे पायरी राहिली की ती जन्मभर राहते.

चौथी गोष्ट धावणाऱ्या मुलामुलींसाठी. पोलीस भरतीची तयारी करणारी अनेक मुले भल्या पहाटे डांबरी सडकेवर धावताना मी पाहतो. पुरुषांना सोळाशे मीटर आणि महिलांना आठशे मीटर धावावे लागते, म्हणून शेवटच्या महिन्यात एकदम जोर केला जातो. घोट्याच्या चार-पाच बोटे वर, बाहेरच्या अंगाला, धावताना दुखते आणि बसल्यावर थांबते. दाबले तर एकाच ठिकाणी दुखते. ही फिब्युलाची ताणाने पडलेली बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती फोटोत दिसत नाही. इथे शस्त्रक्रिया लागत नाही. सहा ते आठ आठवडे धावणे थांबवावे लागते. वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहिल्यास चीर वाढते आणि भरतीची संधीही जाते. सराव हळूहळू वाढवावा आणि शक्य तेथे मातीवर धावावे.

पालकांनो, आता मी आपल्या घरातल्या गोष्टीकडे वळतो.

पाय मुरगळला की प्रथम काय करावे? खेळ थांबवावा. पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नये. सैलसर पट्टी बांधावी. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, तेल आणि मालीश पूर्णपणे वर्ज्य समजावे. जखम उघडी असेल तर स्वच्छ कापडाने झाकावी. हळद, राख, चुना काही भरू नये. पाऊल वाकडे झाले असेल, थंड किंवा पांढरे पडले असेल, तर आहे त्या स्थितीत फळीचा किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

फोटो केव्हा काढावा? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली यासाठी एक साधा नियम प्रसिद्ध केला; तो आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटीमीटरच्या भागात किंवा टोकावर हाड दाबून दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचा फोटो आवश्यक. आजच्या भाषणातून त्याला मी एक पुस्ती जोडतो: गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला दाबून दुखत असेल, तर संपूर्ण पायाचा फोटो काढावा काय, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. विचारण्यात त्यांचा अपमान नाही. आणि लचक म्हणून घरी आणलेला घोटा आठवड्या-दहा दिवसांत पावले टाकू देत नसेल, तर पुन्हा दाखवावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे काम सोपे असते, ते सहा महिन्यांनी अवघड आणि अपुरे होते.

हाडवैद्यांविषयी दोन शब्द बोलतो. जिथे डॉक्टर नव्हता तिथे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांची सेवा केली, हे मी नाकारीत नाही. पण बोटांना खाचेतला एक मिलिमीटर कळत नाही. तो त्यांच्याही बोटांना कळत नाही आणि माझ्याही. दहाव्या-अकराव्या शतकात कुर्तुबा येथील महान शल्यविशारद अबुल कासिम अल-झहरावी यांनी ‘अत-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या अखेरच्या भागात शस्त्रक्रियेचे आणि हाडे बसविण्याचे विवेचन आहे. त्याच्या आरंभीच ते बजावतात की, ज्याला शरीररचना ठाऊक नाही त्याच्या हातून रोग्याचा घात होतो. बाराव्या शतकात हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपने तो कित्येक शतके अभ्यासिला. अशा परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या आपण मोडलेला सांधा तपासणीवाचून ओढून घ्यावा, हे शोभत नाही.

माता-भगिनींना एक विनंती. मी सांगितलेली तपासणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत केल्याशिवाय पुरी होत नाही. मुलगी लाजते, आई संकोचते, सलवार घोट्याच्या वर जात नाही आणि डॉक्टरही आग्रह करीत नाहीत. फिब्युलाची वरची मोड तिथेच लपून राहते. इलाजासाठी गरजेपुरते दाखविण्याची मुभा दीनने दिलेली आहे. आईने सोबत राहावे, परिचारिकेला उभे राहण्यास सांगावे, डॉक्टरीण असेल तर तिच्याकडून तपासून घ्यावे, चादर मागून घ्यावी. पण तपासणी टाळू नये. मुलीच्या लंगडण्याची चर्चा लग्नाच्या वेळी करण्यापेक्षा तिचा पाय आज दाखविलेला बरा.

बुजुर्ग मंडळी विचारतात, नमाजचे काय? प्लास्टर असताना वुजूत त्यावर मसह करता येतो आणि उभे राहता येत नसेल तर बसून, खुर्चीवर नमाज अदा करता येते. कोणाला मसल्याविषयी शंका असेल त्यांनी आलिमांना विचारावे. मी फक्त पायाचे सांगतो. कअदामध्ये उजवे पाऊल उभे करून बोटे वळवून बसण्यासाठी घोट्याला आणि बोटांना पुष्कळ लवचीकपणा लागतो. उकिडवे बसण्यासही तो लागतो. शस्त्रक्रियेनंतर हे परत येण्यास काही महिने लागतात. घाईने बसून जोडावर ताण देऊ नये आणि उलट भीतीने व्यायामही सोडू नये.

मधुमेह असलेल्यांनी आणखी सावध राहावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे मोडलेल्या घोट्यावरही ते चालत राहतात. न दुखणारी सूज ही त्यांच्या बाबतीत शुभ चिन्ह नव्हे. तंबाखू, गुटखा आणि विडी-सिगारेट यांनी हाड जुळण्यास आणि जखम भरण्यास उशीर होतो. शस्त्रक्रिया ठरली की त्या दिवसापासून ते बंद झाले पाहिजे.

खर्चाचा प्रश्न मी टाळणार नाही. कित्येक घरांत शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते ती भीतीने नव्हे, तर पैशाने. सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या शस्त्रक्रिया होतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. शिधापत्रिका आणि ओळखपत्र तयार ठेवावे. हिशेब असाही करून पाहावा की, आपल्यातली कितीतरी मुले उद्या जहाजावर, आखाती देशांत, गॅरेजमध्ये, बांधकामावर कष्टाची कामे करणार आहेत. शिडी चढणे आणि दिवसभर उभे राहणे ही त्यांची रोजी आहे. झिजलेला घोटा प्रथम त्या रोजीवर येतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. मेझोनव्ह यांच्याजवळ क्ष-किरण नव्हते, सी. टी. स्कॅन नव्हते. दुखते तिथेच पाहून थांबावयाचे नाही, जोर कोठून आला आणि कोठे गेला हे शोधावयाचे, एवढी शिस्त त्यांच्यापाशी होती. ही शिस्त वर्गातल्या गणितालाही लागते आणि प्रयोगशाळेतल्या प्रयोगालाही. मोडलेल्या पायाच्या उपचारात डॉक्टर एकटा नसतो. योग्य कोनातून फोटो काढणारा तंत्रज्ञ, भूल देणारे, परिचारिका, महिनोन्‌महिने व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट, हे सर्व लागतात. या साऱ्या शिक्षणाच्या वाटा तुम्हांला मोकळ्या आहेत, मुलींनाही तितक्याच. मघाशी मी मुलींच्या संकोचाविषयी बोललो. त्यावरचा खरा इलाज हाच की, तपासणाऱ्यांमध्ये आपल्या मुलींची संख्या वाढावी. ते काम ही संस्था करीत आहे आणि पालकांनी मुलींचे शिक्षण दहावी-बारावीवर न थांबविता तिला साथ द्यावी.

आज घरी गेल्यावर आपल्या गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला बोट लावून ती लहानशी गाठ चाचपून पाहा आणि तिथून खाली घोट्यापर्यंत ते हाड कसे जाते ते मुलांना दाखवा. उद्या कोणाचा पाय मुरगळला, तर कुठपर्यंत दाबून पाहावयाचे हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असेल.